अस्वलाचा डावा पाय

विद्यापीठात अॅनिमेशनचं शिक्षण सुधारायचं ठरलं, तेव्हा मी विभागप्रमुखांकडे एवढंच मागितलं होतं : पोरांना पंधरा दिवस वही-पेन्सिल देऊन बस स्टॉपवर उभं करा. माणसं कशी चालतात ते बघू दे, मग कॉम्प्युटरला हात लावू दे.

"तिथं हजेरी कोण घेणार?" साहेब म्हणाले. "त्यापेक्षा मास्तर, तुम्हीच चालून दाखवा. व्हिडिओ काढू, सगळ्यांना पाठवू."

आणि मी गाढव, चाललो. कॅमेऱ्यासमोर बारा पावलं. जिन्यावरून पडल्यापासून माझा डावा गुडघा वाकत नाही, हे डोक्यातच आलं नाही. स्वतःची चाल स्वतःला कुठे दिसते?

आज बत्तीस जणांची कामं पडद्यावर लावली. सैनिक आला, डावा पाय ओढत. राजकन्या आली, डावा पाय ओढत. एकाचं अस्वल होतं, तेसुद्धा मागचा डावा ओढत आलं. व्हिडिओतलं एकेक चित्र पोरांनी गिरवलं होतं. सर, अस्वलाला काय झालंय, असं एकानंही विचारलं नाही.

साहेब खुशीत. गुण देणारं नवं सॉफ्टवेअर काम नमुन्याशी, म्हणजे माझ्या व्हिडिओशी, ताडून बघतं. एक सोडून सगळे नव्वदच्या वर. "बघा, शिकवणं कसं भिनलंय. आता पाच वर्षं हाच व्हिडिओ."

सुटलेली ती एक मुलगी. अकरा गुण, नापास. तिनं स्वतःची मावशी काढली होती, दिवसभर शिलाई मशीनवर बसून उठलेली. पहिली तीन पावलं टाच टेकतच नाही, एक हात भिंत चाचपतो, मग कंबर हळूहळू सरळ होते. मी चारदा पाहिलं. वीस वर्षांत असं काम माझ्यापुढं आलं नव्हतं.

"हिचे गुण मी देतो," मी म्हणालो.

"नमुना तुमचा आणि आक्षेपही तुमचाच?" साहेब हसले. "नमुन्याप्रमाणे करून दे म्हणावं, सहापर्यंत. नाहीतर वर्ष गेलं."

वर्ष गेलं तर घरचे तिचं शिक्षण बंद करून तिला मावशीशेजारच्या मशीनवर बसवणार होते. ते मला ठाऊक होतं, साहेबांनाही.

ती बाहेर बाकावर बसली होती. "सर, मावशीचं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

साडेचार वाजले होते. मी तिच्याशेजारी बसलो, फाइल उघडली आणि मावशीचा डावा गुडघा कुठे ताठ करायचा ते दाखवलं.

पोरगी हुशार. वीस मिनिटांत शिकली.