पहिल्या गणाची बाटली

भुताखेतांना मी कधी भ्यायले नाही, पण नववीच्या वर्गातल्या त्या तक्त्याला मात्र भ्यायचे. मूलद्रव्यांची आवर्तसारणी म्हणे! कळंबच्या आमच्या शाळेत गद्रे सर छडी टेकवून "सुंदरा, पहिला गण," म्हणाले की माझी बोबडी वळायची.

त्या शनिवारी सरांनी मुगाएवढा सोडियम परातीतल्या पाण्यात टाकला. तो फसफसत परातभर पळाला. "उभ्या ओळीतले सगळे एकाच घरातले," सर म्हणाले. "आणि खाली जाल तसा राग वाढतो. सोडियमच्या खाली पोटॅशियम. तो आपण बाटलीतच बघायचा." बाटलीत रॉकेलमध्ये बुडालेले करडे खडे होते. सोमवारी गण पाठ नसेल तर छड्या ठरलेल्याच.

रविवारी दुपारी मी ओसरीवर घोकत बसले होते. आई शाळेत झाडलोट करायची. तपासणी यायची होती, म्हणून हेडसरांनी तिला प्रयोगशाळेचं कपाट साफ करायला सांगितलं होतं. शाळेची विहीर आटलेली, तेव्हा ती जुन्या बाटल्या पाटीत घालून घरी घासायला घेऊन आली.

रेशनचं रॉकेल गाळ घेऊनच येतं. आमच्याकडे ते फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी स्टोव्हमध्ये भरत नाही. मी पाणी प्यायला आत गेले, तर आईने एका बाटलीतलं रॉकेल तसंच डब्यात गाळून घेतलेलं. फडक्यात करडे खडे राहिले होते आणि ते फडकं ती बादलीत खळबळायला निघाली होती.

रिकामी बाटली मी ओळखली, शनिवारी सरांनी दाखवलेली.

"आई, थांब! पान्यात नको!"

"आगं, गाळ हाय त्यो. वरडतेस कशाला?"

"गाळ नाय, पोटॅशियम हाय! सोडियमच्या खालचा!"

"कुनाच्या खालचा?"

पोटॅशियम पाण्यात पडलेला मी तरी कुठे पाहिला होता? फक्त तक्त्यातली त्याची जागा ठाऊक होती. मी तिचं मनगट धरलं. आईच्या अंगावर मी कधी अशी धावून गेले नव्हते. ती रागावली, पण थांबली. कोरड्या चिमट्याने मी एकेक खडा उचलून रॉकेलच्या डब्यात सोडला.

"झालं का येडीचं?" असं म्हणून आईने फडकं झटकलं. एक कणी चिकटून राहिली असावी. ती बादलीत पडली.

फट्! जांभळी ज्योत उठली, पाण्यावर गरगर फिरली आणि विझली. कणी तिळाएवढी असेल.

आई भिंतीला जाऊन टेकली. डब्यातल्या सुपारीएवढ्या खड्यांकडे बघत राहिली. मग तिने मला जवळ ओढलं.

"सुंदरा, त्याच्या खाली आनखी कोन हाय का गं?"

"हाय. रुबिडियम. मग सिझियम." मी न अडखळता म्हटलं.

"पाठ कर. समदा तक्ता पाठ कर," आई म्हणाली. "कपाट आजून अर्दं ऱ्हायलंय."