एका कागदावर दोन शिक्के

मी शिक्का बोलून राहिलो. गोल, लाकडी मुठीचा, खाली रबर. घाबरू नका, आता कोणाच्या बोटाले शाई नाई लावत. पहिले लावत होतो, मुद्दाम.

माझा जन्म पांढुर्ण्याचा, गुलाबभाऊच्या टपरीतला. त्यानं माझ्यावर 'सातपुडा विद्यापीठ' कोरलं, मधात तीन पहाड काढले. तिथून मी सौंसरले आलो, विद्यापीठाच्या लहानशा ऑफिसात, तुळशीरामबाबूच्या टेबलावर. बाबू मले कागदावर मारायच्या आधी तोंडाजवळ आणून "हाऽऽ" करून वाफ द्यायचा. सकाळचे कांद्याचे भजे सगळे माझ्या तोंडावर! मंग मी बी कधीकधी उलटा उमटायचो. पहाडाचं डोकं खाली, पाय वर.

"हा शिक्का बेकार हाय बे," बाबू म्हणे. खिडकीतले पोट्टे हासत.

मजा होती. मंग एक दिवस बातमी आली, विद्यापीठाचं नाव आता 'कन्हान विद्यापीठ'. पहाडाच्या जागी नदीच्या लाटा. बोर्ड बदलला, पण आदेशाचा कागद काही आलाच नाई. नवीन शिक्का मात्र आला अन् माझ्या बाजूले येऊन बसला. लय अकड त्याले.

गावातल्या दोन पुढाऱ्यांचे दोन गट झाले. भूपेंद्रचे पोट्टे पहाडवाले, अक्षयचे नदीवाले. एक गट बोर्डाले काळं फासे, दुसरा पुसून हार घाले.

"बाबू, लाटा मारल्या तं ऑफिसाले ताला लावीन," भूपेंद्र म्हणे.

"अन् पहाड मारले तं मी लावीन," अक्षय म्हणे.

"अरे, कोणीतरी लावाच ना बाप्पा! मी घरी तरी जाईन," बाबू म्हणे.

अशात मोनाली आली. सुधाकरभाऊची पोरगी. बाप मोहगावच्या बगीच्यात संत्रे तोडाले जाते. पोरगी बीएस्सी झाली, घरात पहिलीच. नागपूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिले नोकरी लागून राहिली होती. फक्त पास झाल्याचं प्रमाणपत्र सोमवारी दाखवायचं होतं.

दारात दोन्ही गट उभे. बाबूनं घाम पुसला. मले उचललं, वाफ देल्ली, ठप्प. मंग लाटावाल्याले उचललं अन् माझ्याच बाजूले ठप्प.

"बाबू, एकच मारा ना," मोनाली म्हणे.

"दोन असले तं कागद आणखी पक्का होते बाई. कोणी नाराज बी नाई."

खरंच कोणी नाराज नव्हतं. भूपेंद्र खुश, अक्षय खुश. त्या दिवशी मी बी एकदम सरळ उमटलो. पोरीचं काम होतं ना.

मंगळवारी ती खिडकीवर परत.

"एका कागदावर दोन विद्यापीठं कशी, म्हणे. बनावट हाय, म्हणे. चोरासारखं पाह्यलं मले लॅबवाल्यांनं, बाबू. शुक्रवारपर्यंत दुसरा कागद पाहिजे."

बाबूनं मोठ्या ऑफिसले फोन लावला. तिकडून जवाब आला, नावाचा फैसला होईपर्यंत कोणताच शिक्का मारू नका.

ती बुधवारी आली. गुरुवारी आली. शुक्रवारी बापाले घेऊन आली. सुधाकरभाऊनं खिडकीशी हात जोडले.

"बाबूजी, कोणतंबी नाव मारा. आमाले दोन्ही चालते."

बाबूनं मान खाली घातली ती वर केलीच नाई. मी हातभर दूर पडून होतो. पण कोणी उचललं तरच माझा आवाज निघते.

लॅबची जागा दुसऱ्याले भेटली. मोनाली आता बापासंगं बगीच्यात जाते, संत्रे निवडाले. भूपेंद्र अन् अक्षय एकाच टपरीवर चहा पेतात. नावासाठी समिती बसली हाय, अजून बसलीच हाय. मी अन् लाटावाला एकाच ड्रॉवरमध्ये बंद. त्याची अकड गेली, माझा चावटपणा गेला. रबराले भेगा पडून राहिल्या.

मले फेका, त्याले ठेवा. नाई तं त्याले फेका, मले ठेवा. मी काही बोलणार नाई. पण त्या पोरीच्या कागदावर एक शिक्का मारून द्या हो.

अन् मारला तरी आता तो कागद ती दाखवणार कोणाले?