हाताने बघायचं

"डोळ्यांनी नाही गं, हाताने बघायचं असतं," असं म्हणत देओलिंदाने इवांद्राच्या गालाला बोटांची मागची बाजू टेकवली. "केवढा गरम आहे! आत अजून धुमसतंय."

रॉटरडॅमच्या या दवाखान्यात देओलिंदा सव्वीस वर्षं त्वचेवरचे उपचार करत होती. शिकताना पुस्तकातले सगळे चेहरे गोरे. सूज म्हणजे लाली, एवढंच त्यात लिहिलेलं. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरून आलेल्या तिच्या माणसांच्या काळ्यासावळ्या गालांवर लाली कुठून दिसणार? म्हणून ती आपली हात लावून बघायची. नवे डॉक्टर आधी हसायचे आणि मग गुपचूप तिलाच बोलवायचे.

"डोना देओलिंदा, वीस दिवसांवर लग्न आलंय हिच्या भावाचं," इवांद्राची आई झेनाइदा म्हणाली. "ही करवली. ते साल काढायचं औषध लावा ना, चांगलं जालीम."

"जालीम लावलं तर मुरूम जातील आणि काळे डाग वर्षभर मुक्कामाला येतील. आपली कातडी रुसली की लवकर मानत नाही, बाई." बोलता बोलता तिची नजर गालाच्या हाडापाशी अडली. "हा डाग मुरमांचा नाही. इथे काय लावतेस?"

"काही नाही. मीच नखं लावली," इवांद्रा घाईघाईने म्हणाली.

नखाचा डाग असा सारवल्यासारखा पसरत नाही. पोरगी कुणाला पाठीशी घालतेय ते देओलिंदाला कळलं. तिने खोदून विचारलं नाही.

"जे काही असेल ते आजपासून बंद. नाहीतर मी हात टेकले."

झेनाइदाने पर्समधून एक बिननावाची डबी काढून टेबलावर ठेवली. "मी लावायचे. कामावरून आले की रोज. वर लिंबू. दुकानातली बाई म्हणाली, उजळेल. वर्गातली पोरं हिला नको नको ते बोलतात हो!"

"आई, राहू दे ना."

देओलिंदाने डबी कचऱ्यात टाकली आणि नवं मलम झेनाइदाच्याच बोटावर घातलं. "वाटाण्याएवढं. चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. लग्नात डाग दिसतील, दिसू देत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फिके होतील. रोज तुम्हीच लावा."

"मी?" झेनाइदाचा हात अधांतरीच राहिला. "कुठल्या तोंडाने आता हिच्या गालाला हात लावू?"

इवांद्राने वेण्या कानामागे सारल्या, डोळे मिटले आणि गाल पुढे केला.