गेंडा परत येतोय म्हणे

माझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही तक्रार नाही, ओळख करून देते आहे. माझ्या वाढदिवसाला काय आणलंय हे तो आदल्या आठवड्यातच सांगून मोकळा होतो आणि वर म्हणतो, "त्या दिवशी जरा चकित झाल्यासारखं कर." मी करते. संसारात याहून अवघड गोष्टी कराव्या लागतात.

तेव्हा तो फोटो आला त्या दिवशी दुपारच्या आत सगळ्या रस्त्याला बातमी कळली होती, यात नवल नव्हतं.

आमच्या गॅरेजात एकाच जातीची गाडी दुरुस्त होते. कंपनीनं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, ते आता कुणाला आठवत नाही. चौकोनी नाक, जाडजूड पत्रा, मागे माल टाकायला उघडा हौदा. लोकांनी तिला गेंडा म्हटलं. तिचीच वरून बंद, सात माणसं बसणारी बहीण होती, ती गेंडीण. सासऱ्यांनी जन्मभर या दोनच गाड्या दुरुस्त केल्या आणि नवऱ्यालाही तेवढंच शिकवलं. मग कंपनीनं दोन्ही बंद केल्या. गेंडे एकेक करून भंगारात गेले, त्यांच्यामागे गिऱ्हाईकं गेली. मी पुढच्या काउंटरवर सुटे भाग विकते. हल्ली विकते कमी, पुसते जास्त.

फोटो कुणीतरी हायवेवर धावत्या गाडीतून काढलेला. नवी गाडी बाजारात आणण्याआधी कंपनी ती चाचणीसाठी रस्त्यावर फिरवते, आणि आकार कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिच्यावर डोळे गरगरतील अशी काळी-पांढरी नक्षी चिकटवते. ही तशीच होती. पण नाक काही लपत नव्हतं. चौकोनी, पुढे आलेलं, हट्टी.

"बघ," नवरा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? गेंडा परत येतोय."

तो म्हणत होता हे खरं. गाडी बंद झाली त्या दिवसापासून म्हणत होता. पण या वेळी त्यानं म्हणणं मला परवडणारं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात बस डेपोच्या वर्कशॉपमधून निरोप आला होता. फोरमनची जागा. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. फोटो येण्याआधी तो हो म्हणण्याच्या बेतात होता. चेहरा पाडून का होईना, पण होता.

"आता कसला डेपो?" तो म्हणाला. "गेंडा परत आला की या भागात त्याला हात लावणारा दुसरा आहे कोण?"

"अहो, नुसता फोटो आहे तो."

"आग असल्याशिवाय धूर निघतो का?"

त्यानं फोटो मोठा करून आणला आणि गॅरेजच्या भिंतीवर, तिथेच उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या जुन्या गेंड्याच्या बरोबर समोर चिकटवला. मग जो येईल त्याला सांगत सुटला, गाडी विकू नका, भंगारात घालू नका, थांबा. त्याचं ऐकतात लोक. गेंड्याच्या बाबतीत याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सासऱ्यांचे दोस्त असलेले एक ड्रायव्हरकाका आहेत, गुडघे पार गेलेले, गाडीत चढताना दोघांनी ढकलावं लागतं. त्यांच्या गेंड्याला कसंबसं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. काकांनी ते परत पाठवलं. नव्या गेंड्याचे भाग जुन्याला बसतील, मग गाडीची किंमत वाढेल, असं याच्या तोंडचं गणित मला काकांच्या तोंडून ऐकू आलं.

फोटोत एक गोष्ट मात्र कुणाला उलगडत नव्हती. उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या वर, एक मुठीएवढा फुगवटा होता. डावीकडे नव्हता. गेंडेवाल्यांच्या ग्रुपवर रोज त्यावर काथ्याकूट चालायचा. कुणी म्हणे कॅमेरा आहे, कुणी म्हणे हवा घ्यायची वाट.

"इंडिकेटर आहे तो," नवरा म्हणाला. "आपल्या बाबांनी लावला होता ना, तस्साच. शेवटी कंपनीलाही अक्कल आली."

सासऱ्यांचा गेंडा एकदा खड्ड्यात गेला होता. उजवीकडचा खालचा पत्रा असा चेपला की इंडिकेटर बसवायला जागाच उरली नाही. सासऱ्यांनी तो सरळ मडगार्डच्या डोक्यावर बसवला. दिसायला ते गळवासारखं दिसे, पण चाले. सासरे गेले तरी गाडी तशीच राहिली, आणि मी रोज सकाळी काउंटर पुसून झाला की ओलं फडकं त्या इंडिकेटरवर वाळत घालते. दुसरं काही एवढं सोयीच्या उंचीवर नाही.

शुक्रवारी सकाळी मी फडकं पिळलं, इंडिकेटरवर टाकलं, आणि सहज मान वर केली. समोर भिंतीवर फोटो. तेच नाक, त्याच अंगाला, त्याच उंचीवर तोच फुगवटा.

कंपनीनं गेंडे हजारोंनी काढले असतील. तसलं गळू फक्त एकाला होतं, आणि त्यावर माझं फडकं होतं. ते गळू पाठ असलेलं माणूस कंपनीत एकच होतं, आणि ते माझी नणंद होती.

तिला सगळे बारकी म्हणतात. उंचीनं ती माझ्या नवऱ्याला चार बोटं वरचढ आहे, पण एकदा पडलेलं नाव चिकटतं. ती कंपनीत चाचणीच्या गाड्या झाकण्याचं काम करते. आम्ही तिला गाड्यांची शिंपीण म्हणून चिडवतो. काय झाकते, कुठली गाडी आत आहे, यातलं अक्षरही ती घरी बोलत नाही. बोलली तर त्याच दिवशी बाहेर, असं लिहून घेतलंय तिच्याकडून. तिच्या नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती इस्त्री करत होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "वहिनी, त्या फोटोचं मला विचारू नकोस. मी नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखं होतं."

"विचारत नाही," मी म्हणाले. "सांगते. त्या नाकावर मी रोज फडकं वाळत घालते."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. इस्त्री तिनं उभी करून ठेवली, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला बस म्हणायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"माझ्या हातून गेलं," ती हळू म्हणाली. "मला सांगितलं होतं, पुढून काहीतरी जुनं, चौकोनी लाव. लोकांना भलतंच वाटलं पाहिजे. आतली गाडी दुसरीच आहे, वहिनी. कुठली ते नाही सांगणार. मी फोम कापला, वर प्लास्टिक चढवलं. नमुना बघायला कोण गेलंय? गाडीचं नाक म्हटलं की मला बाबांच्या गेंड्याचंच दिसतं. लहानपणी मी त्या मडगार्डवर बसायचे, तो इंडिकेटर धरून. हातानं आपोआप तो पण केला."

मला राग आला. कंपनीचा आला, कारण तिनं लोकांच्या आशेचा पडदा करून स्वतःची गाडी झाकली होती. बारकीचाही आला. पण ती उभी होती तशी पाहिली आणि तिच्यावरचा राग काही टिकला नाही.

"रविवारी गॅरेजवर सगळे गेंडेवाले जमणार आहेत," मी म्हणाले. "गाड्यांचे व्हिडिओ टाकणारा तो चॅनलवालाही येतोय, कॅमेरा घेऊन. फोटो आणि जुना गेंडा शेजारी शेजारी दाखवणार म्हणे."

बारकी खुर्चीवर बसली. "मग तासाभरात कंपनीला कळेल. गाडी कुणाची, भाऊ कुणाचा. खोटं नाक माझ्या घरातून फुटलं, की मी बाहेर." आणि म्हणाली, "दादाला सांगू नकोस. त्याच्या तोंडात..."

"माहीत आहे," मी म्हणाले.

घरी येताना मला इकडे आड तिकडे विहीर झालं होतं. गप्प बसले तर नवरा डेपोला नाही म्हणणार, आणि कॅमेऱ्यासमोर स्वतःच छाती पुढे काढून बाबांचा इंडिकेटर दाखवणार. सांगितलं, तर ग्रुपवर जायला किती वेळ? त्याचा बहिणीवर जीव आहे, पण जीव असणं वेगळं आणि जीभ आवरणं वेगळं.

शनिवारी दुपारी गॅरेजात कुणी नव्हतं. मी भिंतीवरचा फोटो काढला, गेंड्याच्या नाकाला टेकवून धरला आणि त्याला हाक मारली. बोलले काहीच नाही. बोलायचं नाही असं मी बारकीला कबूल केलं होतं.

तो हात पुसत आला. "हेच तर मी म्हणतोय सगळ्यांना. हुबेहूब बा..." आणि थांबला.

तो बघायला लागला. एकदा फोटो, एकदा पत्रा. मग पायानं एक टायर ओढून त्यावर बसला.

"बारकी," तो म्हणाला.

मी फोटो खाली ठेवला.

"गेंडा खरंच येणार असता, तर खोटं नाक कशाला लावलं असतं?" हे तो माझ्याशी बोलत नव्हता. "म्हणजे येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "किती जणांना थांबा म्हणून सांगितलं मी. काकांना सांगितलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सासरे गेले तेव्हाही तो माणसांत रडला नव्हता. मला जवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि मी बसले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ग्रुपवरचा कुणीतरी, उद्या किती वाजता जमायचं म्हणून.

"दहाला या," तो म्हणाला आणि फोन ठेवला. एवढं आखूड बोलणं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

मग तो उठला आणि त्यानं पाना घेतला. इंडिकेटरचे नट गंजून पत्र्याशी एक झाले होते, ते शेवटी कापावेच लागले. भोकं वेल्डिंगनं बुजवली, वर लांबीचा लेप दिला, तो घासून सपाट केला. खालचा चेपलेला पत्रा काढून आमच्याकडे पडून असलेला कोरा बसवला, आणि इंडिकेटर कंपनीनं दिलेल्या जागी, खाली लावला. रंग मारला तो जुन्याशी पुरता जुळला नाही, म्हणून गाडी फिरवून ती बाजू सावलीत घेतली. एवढं सगळं करताना तो एक शब्द बोलला नाही. फोटो त्यानंच परत भिंतीवर लावला. नसता लावला तर लोकांनी विचारलं असतं.

रविवारी गेंडे आले, रस्ता भरला. चॅनलवाला उत्साहात होता. त्यानं नवऱ्याला गाडीसमोर उभं केलं आणि विचारलं, "तज्ज्ञ म्हणून सांगा, हा फुगवटा कशाचा?"

"हवा जायला असेल," नवरा म्हणाला. "कंपनीला विचारा. मी गॅरेजवाला माणूस."

लोक हसले, त्यांना तो विनय वाटला. तेवढ्यात ड्रायव्हरकाका काठी टेकत पुढे आले. त्यांनी जुन्या गेंड्याच्या मडगार्डवरून हात फिरवला, आणि कॅमेरा चालू असतानाच म्हणाले, "अरे, तुझ्या बापाचा दिवा कुठे गेला? इथे वर होता ना?"

मी कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"नाही हो काका," नवरा म्हणाला. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तो खालीच होता पहिल्यापासून."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या खड्ड्यातून गाडी ओढून काढायला काका स्वतः गेले होते. त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला, ताज्या रंगाचा तुकडा पाहिला, परत नवऱ्याकडे पाहिलं. मग चॅनलवाल्याला म्हणाले, "म्हातारपण. हल्ली जेवलो की नाही तेही आठवत नाही." आणि सगळे पुन्हा हसले.

जाताना काका नवऱ्याजवळ थांबले. मी शेजारीच होते.

"त्या गिऱ्हाईकाला परत फोन करू का रे?"

"करा काका," नवरा म्हणाला. "आजच करा."

बाकीच्यांना त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगता येणार नव्हतं. ते आपापल्या गेंड्यांत बसून हात हलवत, हॉर्न वाजवत गेले, थांबायला तयार होऊन. त्यातले दोघं तर जाताना त्याची पाठ थोपटून गेले. तो प्रत्येक गाडी वळेपर्यंत बघत उभा होता.

संध्याकाळी बारकी आली. तिनं चॅनलवर सगळं बघितलं होतं. ती कुणाशी बोलली नाही, सरळ गाडीपाशी गेली आणि लहानपणच्या सवयीनं मडगार्डवर हात ठेवला. हाताला काही लागलं नाही. ती तशीच सपाट पत्र्यावरून हात फिरवत राहिली.

"दादा," ती म्हणाली.

"बाबांनी चुकीच्या जागी लावला होता," तो म्हणाला. "कंपनीनं दिला होता तिथेच बरा दिसतो." आणि उद्या डेपोत जायचा शर्ट धुतलाय का, असं त्यानं मला विचारलं.

धुतला होता. सकाळी तो घालून तो गेला. मी काउंटर पुसला, फडकं पिळलं आणि गाडीपाशी आले. मग ते तसंच हातात घेऊन उभी राहिले.