डावीकडून तिसरे

ताडकळसच्या मुंजाजी फोटोग्राफरने केवळाबाईचा जोडा तिच्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या हयात थोरल्या भावाशी, लावून दिला. तोही भरदुपारी. असं काहीही घडलेलं नाही. तेव्हा सुरुवातीपासून.

"यातले तुमचे मालक कोणते, मावशी?"

केवळाबाईला गेलेल्या मालकासोबत जोडीचा फोटो हवा होता, आणि मुंजाजीच्या दुकानाच्या भिंतीवर गावात हापसा बसला तेव्हाचा फोटो होता. दहा वर्षांपूर्वी मुंजाजीनेच काढलेला. हापशामागे अकरा पटके, अकरा मिशा.

"डावीकडून तिसरे," केवळाबाई म्हणाली.

"नाव सांगा की. खाली नावं लिव्हलेली हायती, पक्कं होईल."

"नाव कसं घ्यावं भाऊ?"

"उखाण्यात घ्या."

"उखाण्याला सवाष्ण लागती."

बाहेर सगळा मराठवाडा विद्यापीठाच्या एका नावावरून पेटला होता आणि आत हे एक नाव निघत नव्हतं.

"लय घाई हाय का?" मुंजाजीने विचारलं. "बंद हाय. परभणीची दुकानं उघडू द्या. डब्यात फोटोचे दोनच कागद उरलेत."

"तोंड इसरायले मी त्यांचं. परवा सपनात आले. वर पटका, खाली सदरा, मधी कायच न्हाई. अजून चार दिसांनी पटका बी जाईल."

मग मुंजाजीने तिला पडद्यापुढे उभं केलं, फोटो काढला, फिल्म धुऊन दोरीवर वाळत घातली आणि हापशाची जुनी निगेटिव्ह शोधून काढली. दोन्ही एकावर एक ठेवून बघितल्या, तर हापशाचा दांडा केवळाबाईच्या पोटातून आरपार. म्हणून काळा कागद घेतला. त्यात एका माणसाएवढी खिडकी कापली. खिडकीतून नवरा छापायचा. मग कापून निघालेला काळा माणूस त्याच्यावर झाकायचा आणि उरलेल्या जागेत बायको छापायची. झाकलं तेवढंच टिकतं, असं हे काम.

मिशीपाशी ब्लेड तीनदा घसरलं. मुंजाजी पाचदा बाहेर येऊन रस्ता बघून गेला. केवळाबाई सहाव्यांदा म्हणाली, "एसटी येतीय का न्हाई आज?"

शेवटी ओला फोटो बाहेर आला. केवळाबाईने तो बघितला आणि सर्रकन पदर तोंडावर ओढला.

"आवडला न्हाई?"

"हे भासरे हायेत!" पदराआडून आवाज आला. "दत्तराव भासरे! जाळा आदी त्येला!"

भासऱ्यांचं नाव मात्र घाईत निघून गेलं.

निगेटिव्ह पालथी पडली होती. अकरा माणसं पालथ्या बाजूने मोजली की तिसरा तो नववा होतो. मुंजाजीने काडी ओढली. ओला फोटो जळायला पाच काड्या लागल्या. म्हणूनच वर म्हटलं, काही घडलेलं नाही.

"आता एकच कागद हाय," मुंजाजी म्हणाला. "मला माझ्या डाव्या-उजव्याचा भरवसा राह्यला न्हाई. नाव सांगा."

केवळाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एक फटफटी आली, गेली.

"रायभान," ती म्हणाली. उखाणा न लावता, नुसतं.

मुंजाजीने फोटोखालच्या नावांवरून बोट फिरवलं. तिसरंच होतं.

या खेपेला त्याने जोखीम घेतली नाही. झाकायचा काळा माणूस वेगळ्या काळ्या कागदातून, खिडकीपेक्षा जरा ऐसपैस कापला. फोटो निघाला, रायभान निघाला, मिशीसकट निघाला. फक्त दोघांच्या मध्ये चार बोटं कोरी जागा राहिली.

केवळाबाईने पदर ओढला नाही. बराच वेळ बघत राहिली.

"हेच," ती म्हणाली. मग हळूच, "जरा अलीकडं सरका म्हणावं की त्यांला."

"आता कसं सरकतेत, मावशी? कागद संपला."

"मग अर्ज करा. हापसा बी अर्ज केल्यावरच आलता."

मुंजाजीने हसायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि फोटोच्या पाकिटावर लिहायला घेतलं:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. विषय: चार बोटे सरकणेबाबत. उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की, इसम क्रमांक तीन (डावीकडून), नामे रायभान, यांनी अर्जदार बाईकडे चार बोटे सरकावे. ते शक्य नसल्यास अर्जदारास तिकडे सरकण्याची परवानगी मिळावी."