टाकीत पंचामृत

आमच्या बोईसरच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्यापासून गाड्यांचं इंधन बनतं. म्हणजे बनवतात जंतू, आणि भाषणं करतात मालक इंद्रजीत साहेब. दोन्ही कामं अखंड चालू असतात.

अडचण एकच होती, इंधन पेट्रोलपेक्षा महाग पडायचं. पेंढ्याचा रस टाकीत सोडण्याआधी उकळावा लागे, नाहीतर भलतेच जंतू वाढून तो नासवायचे. त्या वाफेतच सगळा नफा उडून जायचा. कंत्राटावरच्या स्वरा मॅडमनी तारापूरच्या खाजणातून असे जंतू शोधले की जे खारट पाण्यात मजेत वाढतात. बाकीच्यांचा तिथे निभाव लागत नाही. मग उकळायचं कशाला? टँकरने समुद्राचं पाणी आणायचं आणि ओतायचं.

"ही बॅच निघाली की तुम्ही कायम," साहेब म्हणाले. दर सहा महिन्यांनी सहीसाठी ताटकळणाऱ्या मॅडमना ते वाक्य रात्रंदिवस राबायला पुरलं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, इथवर ठीक. पण साहेबांना भक्तीचं भरतं आलं. झाकण उघडून त्यांनी तांब्याभर पंचामृत टाकीत ओतलं.

ऑपरेटर रूपेश प्रयोगशाळेत धावत आला. "मॅडम, सायबांनी टाकीत दही वतलंय. आमी नको बोललो, पन आयकतंय कोन?"

मॅडम टाकीकडे धावल्या. दह्यातले जंतू अख्खी टाकी आंबवू शकतात. पण मिठाने त्यांना जगूच दिलं नाही. बॅच निघाली, आणि चांगली स्वस्त निघाली.

"ही पंचामृताची कृपा," गुंतवणूकदारांसमोर साहेब गहिवरले. मॅडम मिठाचं सांगू लागल्या, तर त्यांना हातानेच थांबवलं. आम्हाला भयंकर चीड आली.

लवकरच पूजेचे गुरुजी 'प्रक्रिया सल्लागार' म्हणून कायम झाले. मॅडमच्या कंत्राटावर सही झालीच नाही.

मग साहेबांनी आणखी एक बचत शोधली. मिठाने टाकी गंजते, टँकरला पैसे पडतात, आणि पंचामृत तर आहेच. तेव्हा पुढच्या बॅचला न उकळता साधं नळाचं पाणी.

एमआयडीसीभर आंबट वास सुटला. शिफ्टच्या बसमधली माणसं नाकाला रुमाल लावून जाऊ लागली. शेवटी साहेबांनी आमच्यादेखत मॅडमना स्पीकरवर फोन लावला.

"सगळी टाकी आंबली हो. आता काय करायचं?"

"गुरुजींना विचारा, सर," मॅडम म्हणाल्या. "कायम ते आहेत."