पुढच्या सीटची शॉटगन

आमची जीप सकाळी डिचोलीच्या बाजारातून मुळगावच्या खाणीवर जायची. ड्रायव्हर बाबलीच्या शेजारी एकच जागा, आणि ती ऑफिसातल्या टायपिस्ट वत्सलाबायची. मागे बसलं की तिला मळमळायचं.

मग गोकुळदास मुंबईहून इंजिनियर होऊन आला आणि त्याने एक खेळ आणला. जीप दिसताच जो आधी ‘शॉटगन!’ ओरडेल, पुढची सीट त्याची. रोज तोच जिंकायचा. भर बाजारात ओरडणं वत्सलाबायला जमेना. ती मागे माझ्या शेजारी लिंबू हुंगत बसायची.

“असंच चाललं तर नोकरी सोडीन गो,” ती एकदा म्हणाली.

मी खाणीच्या लॅबमध्ये खनिज तपासते. बंदुकीचा आणि सीटचा संबंध काय, हे गोकुळदासलाही सांगता येईना. शनिवारी मी पणजीला जाऊन वाचनालयातला जाडा कोश काढला आणि सोमवारी जीपमध्ये सांगितलं, “अमेरिकेत घोडागाड्यांवर हाकणाऱ्याशेजारी बंदूकवाला बसायचा, लुटारूंपासून राखण करायला. शब्द मात्र रूढ झाला पुष्कळ नंतर, त्या काळावरच्या गोष्टी-सिनेमांतून.”

“म्हणजे मी राखणदार!” गोकुळदास पुढून म्हणाला.

बाबलीने वळणावर गाडी थांबवली. डाव्या हाताला, रस्त्याला लागूनच, गावाची राखण करणाऱ्या देवाची, राखणदाराची घुमटी आहे, हातभर उंचीचं देऊळ. तिथे वेग कमी करायचा आणि पुढच्या खिडकीतून हात काढून फूल ठेवायचं. वत्सलाबाय घरची अबोली आणून हे कित्येक वर्षं करत होती. आता ती फूल मागून बाबलीकडे द्यायची आणि बाबली ते ठेवायला उतरून गाडीला वळसा घालायचा. साहेबाला बोलणार कोण?

“तुमी राखणदार, सायबा? मग फूल खंय?” आज बाबली बोललाच.

“कसलं फूल?”

“रोज मी हंय उतारतंय, तां बघूक नाय?”

“मला वाटलं, तुम्ही लघवीला जाता.”

“शिव शिव!” बाबलीने कान धरले. आम्ही हसून लोटपोट.

“कोशाप्रमाणे जागा राखण करणाऱ्याची,” मी म्हटलं. “राखणदाराला रोज फूल देऊन आमची राखण कोण करतं? वत्सलाबाय!”

गोकुळदास लाजून उतरला आणि त्याने दार धरलं. “बसा बाय. पण उद्यापासून ओरडायचं हं!”

मंगळवारी जीप कोपऱ्यावर दिसली मात्र, वत्सलाबाय अशी ओरडली की पाव विकणारा पोदेर सायकल थांबवून विचारू लागला, “कितें जालें?”

तोवर ती अबोली घेऊन पुढे बसलीही होती.